सीटी स्कॅनमधे गालात गाठ निघाली, डॉक्टर ऑपरेशन म्हणायलेत. करू का थांबू?

मुनीम_परभणी

राम राम मंडळी. नव्या मोंढ्यात अडत दुकानावर मुनीम आहे, वय ४४. प्रश्न लांबडा आहे. थोडक्यात सांगणं मला जमत नाही, पैपैचा हिशोब लिहायची सवय पडलीय.

दसऱ्याच्या आधी खालची अक्कलदाढ ठणकायली म्हणून दातांच्या डॉक्टरकडं गेलो. त्यांनी अख्ख्या जबड्याचा फोटो काढला, ओपीजी म्हणतात त्याला. दाढ राहिली बाजूला, डाव्या गालाच्या हाडापाशी बोट ठेवून म्हणाले, "इथं काहीतरी गोल दिसायलंय, नाकाच्या डॉक्टरला दाखवून घ्या." नाकाच्या डॉक्टरनी सीटी काढायला लावला. रिपोर्टात आलं: डाव्या मॅक्झिलरी सायनसच्या (म्हणजे गालाच्या हाडातल्या पोकळीच्या) तळाशी रिटेन्शन सिस्ट, १८ बाय १४ मिलिमीटर, हाड शाबूत. नाकाचा पडदा उजवीकडं वाकलेला. बाकी सायनस स्वच्छ.

डॉक्टर म्हणाले, गाठ आहे, दुर्बिणीनं काढून टाकू, त्याच वेळी पडदाही सरळ करू, साठ हजारापर्यंत जाईल, सोयाबीनची गर्दी ओसरली की या. दोन मिनिटांत मी बाहेर.

'गाठ' हा शब्द घरी जाऊन बोललो ही माझी चूक. बायकोनं त्या रात्री तव्यावर भाकरी करपवली, आणि सकाळी आठच्या आत सासुरवाडीला, सेलूला, घरोघर कळलं होतं. मेव्हण्याचा फोन, "दाजी, गाडी काढू का? मुंबईला टाटाला जाऊन येऊ."

त्रास म्हणाल तर डोकं. डावीच बाजू, डोळ्याच्या मागून कपाळापर्यंत ठोके पडल्यासारखं. महिन्यातून आठ-दहा वेळा. तेव्हा उजेड सहन होत नाही, दुकानाचं शटर अर्धं ओढून बसावं लागतं. दोनदा उलटीही झाली. नाक कायम चोंदलेलं, कधी डावं, कधी उजवं. केमिस्टकडून थेंब आणतो, ते टाकल्याबिगर झोप नाही. आठ महिने झाले, बाटली उशाखालीच असते. ताप नाही, पिवळा शेंबूड नाही, घाण वास नाही. दुकानात धान्याची चाळणी सुरू झाली की शिंका, पण त्या तर मी मोंढ्यात आलो तेव्हापासूनच्या आहेत.

आता विचारायचं ते हे. ही गाठ कसली? कॅन्सरची होते का? आपोआप फुटली तर काय होतं? आणि नाही काढली तर चालतंय का? कुणाला झाली असेल त्यांनी सांगा. ऐकीव नको.

गंगाखेडचा_बाप्पा

मुनीमजी, सकाळ-संध्याकाळ ओव्याची वाफ घ्या, झोपताना अणुतेलाचे दोन-दोन थेंब नाकात. माझ्या चुलत्याची गाठ अशीच विरघळली. साठ हजारात एक म्हैस येते.

मुनीम_परभणी

बाप्पा, चुलत्याची गाठ गेली हे परत सीटी काढून बघितलं का?

गंगाखेडचा_बाप्पा

नाही. पण त्यांना बरं वाटायलंय.

बाई_अंबाजोगाई

मुनीमदादा, मला होती. म्हणजे अजून असेलही. शाळेत शिकवते मी, खडूच्या धुळीत बावीस वर्षं काढलीत.

माझ्या उजव्या गालात निघाली होती तीही अशीच, भलत्याच कारणासाठी काढलेल्या सीटीत. स्कूटीवरून पडले, डोक्याला लागलं म्हणून सीटी काढला. डोक्याला काही नव्हतं, गाल मात्र पकडला गेला. इथल्या मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत दाखवलं. तिथल्या सरांनी नाकात दुर्बीण घालून बघितलं, दहा मिनिटं प्रश्न विचारले आणि म्हणाले, बाई, हिचा तुम्हाला त्रास नाही, तुम्ही हिला त्रास देऊ नका.

पुढं दीड वर्षानं गौरीच्या दिवशी दारात रांगोळी काढत होते. खाली वाकलेली, आणि उजव्या नाकपुडीतून एकदम ऊन ऊन पाणी आलं. मेथीदाणे भिजवलेल्या पाण्यासारखं पिवळं. चमचाभर असेल. गौरीच्या पावलावरच पडलं. मी घाबरले, सासूबाई त्याहून घाबरल्या. दोन-तीन मिनिटांत थांबलं. दुखलं नाही, रक्त नाही. सरांना फोन केला तर म्हणाले, फुगा फुटला, परत भरूही शकतो, काही करायचं नाही. त्याला आता चार वर्षं झाली.

डोकेदुखी मात्र मला कधीच नव्हती, तुमचं त्या बाबतीत वेगळं दिसतंय.

उदगीरकर

बाईंचं वाचून कुणी निवांत बसू नका. प्रत्येक सिस्ट तसली नसते. माझी दाताची होती.

वरच्या डाव्या दाढेत जुनी चांदी भरलेली, खूप वर्षांची. दुखत नव्हती म्हणून लक्ष नव्हतं. आधी वास सुरू झाला. दुसऱ्याला यायचा नाही, फक्त मला, आणि फक्त डाव्या नाकात. कुजलेल्या पेंडीसारखा. मग घशात खारट, घट्ट काहीतरी उतरायचं. सर्दी म्हणून अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले. गोळ्या चालू असेपर्यंत बरं, संपल्या की पंधरा दिवसांत जैसे थे. एका डॉक्टरनी सायनसचं ऑपरेशन सांगितलं होतं, तारीखसुद्धा ठरली होती.

वाचवलं ते दुसऱ्याच एका दातांच्या डॉक्टरनी. आरशाच्या दांड्यानं एकेक दात ठोकला. त्या दाढेवर टक्कन वाजलं आणि मी खुर्चीतून उठलो. मग दातांचा वेगळा सीटी काढला. दाढेच्या मुळाला धरून गाठ वाढत वाढत सायनसमधे घुसली होती. वरच्या दाढांची मुळं आणि सायनसचा तळ यांच्यात कागदाएवढं हाड असतं म्हणे, काहींना तेवढंही नसतं.

दाढ काढली, गाठ काढली. खड्डा हिरडीची कातडी ओढून शिवला, कारण तोंड आणि नाक एक झालं होतं, चूळ भरली की पाणी नाकातून यायचं. दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, स्ट्रॉनं प्यायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून. मुनीमजी, एका बाजूचाच घाण वास असला तर आधी दात. तुम्हाला नाही म्हणता, तरी वरच्या दाढा ठोकून बघायला लावा.

नाककानघसा_नांदेड

मी नांदेडला कान-नाक-घसा बघते. मुनीमजी, तुम्हाला मी तपासलेलं नाही, सीटीची फिल्मही पाहिलेली नाही, त्यामुळं हे सल्ला म्हणून वाचा, चिठ्ठी म्हणून नको.

पहिली गोष्ट शब्दाची. सिस्टला आपण 'गाठ' म्हणतो आणि घरातली चूल विझते. ही गाठ नाही, पाण्याचा फुगा आहे. सायनसच्या आतल्या अस्तरात चिकट पाणी तयार करणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. एखादीचं तोंड बुजलं की तिचं पाणी तिच्यातच साचतं आणि फुगतं. ओठ चावला गेला की आतून पाण्याचा फोड येतो ना, जवळपास तसंच. रिटेन्शन सिस्टचा कॅन्सर होत नाही. 'हाड शाबूत' हे तुमच्या रिपोर्टातले दोन शब्द सगळ्यात महत्त्वाचे आहेत, ते वहिनींना मोठ्यानं वाचून दाखवा.

आता मोंढ्याच्या भाषेत सांगते. गालातला सायनस म्हणजे गोदाम समजा, साधारण पंधरा मिलीचं. तुमचा फुगा जेमतेम दोन मिलीचा. आणि या गोदामाचं दार खाली नसतं, वर छताजवळ असतं. आतला चिकट स्राव अस्तरावरचे बारीक केस ढकलत ढकलत वर दारापर्यंत नेतात. त्यामुळं तळाला एक पोतं पडून राहिलं तरी दार अडत नाही. पोतं थेट छताला टेकलं, दारात आलं, की मग पू साचणं, गाल जड होणं वगैरे. बाकी सायनस स्वच्छ आहेत, म्हणजे बहुधा दार उघडं आहे.

मग डोकं का दुखतं? एक बाजू, ठोके, उजेड नको, उलटी. यात मला सायनस कमी आणि मायग्रेन, म्हणजे अर्धशिशी, जास्त दिसतो. मायग्रेनमधे नाक चोंदतं, डोळ्यात पाणी येतं, म्हणून लोक फसतात, आम्हीही फसतो. २००४ साली अमेरिकेत एक अभ्यास झाला होता, 'सायनसची डोकेदुखी' म्हणून आलेल्या जवळपास तीन हजार लोकांवर. त्यातल्या १०० पैकी ८८ जणांची लक्षणं मायग्रेनच्या प्रकारातली निघाली.

नाकाचा पडदा. तो वाकलाय उजवीकडं. पडद्यामुळं चोंदत असतं तर कायम उजवंच चोंदलं असतं. तुम्ही म्हणता कधी डावं, कधी उजवं. सरळ पडद्याची माणसं मला ओपीडीत क्वचितच भेटतात.

चोंदण्याचं कारण तुमच्या उशाखाली आहे. ते थेंब पाच-सात दिवसांसाठी असतात. त्यापुढं औषध उतरलं की नाक आधीपेक्षा जास्त सुजतं, म्हणून परत थेंब, म्हणून परत सूज. सावकाराच्या व्याजासारखं. ते बंद करावे लागतील. पहिले आठ-दहा दिवस वाईट जातील. काही जण आधी एका नाकपुडीत बंद करतात, ती मोकळी झाली की दुसरीत. सोबत स्टिरॉइडचा स्प्रे लागतो. नाव ऐकून घाबरू नका, डोस बारीक असतो आणि त्याची सवय लागत नाही. पण तो थेंबासारखा पाच मिनिटांत काम करत नाही, दोन-तीन आठवडे द्यावे लागतात. उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत, डाव्या हातानं उजव्या, आणि तोंड कानाच्या दिशेला. पडद्यावर मारत राहिलं की रक्त येतं. हा स्प्रे धुळीच्या शिंकांसाठी आणि सुजेसाठी आहे, सिस्ट त्यानं जाणार नाही.

बाप्पा, वाफेनं बरं वाटतं हे खरं, पण वाफ सिस्टपर्यंत पोचत नाही. भांडं कलंडून मांड्या भाजलेली लेकरं मात्र दर हिवाळ्यात येतात. त्यापेक्षा मिठाच्या पाण्यानं नाक धुणं चांगलं, विशेषतः चाळणीच्या दिवसांत घरी आल्यावर. पेलाभर पाण्यात अर्ध्या चमच्याहून थोडं कमी मीठ, चिमूटभर खायचा सोडा. चमचा चहाचा. पाणी खळखळ उकळून गार केलेलं, बोअरचं किंवा टाकीचं कच्चं अजिबात नाही. पाण्यातून नाकात आणि नाकातून मेंदूत शिरणाऱ्या अमीबाचं (बारीक जिवाचं) केरळात २०२४-२५ मध्ये काय झालं ते पेपरात वाचलं असेल.

ऑपरेशन कधी? सिस्टनं दार अडवलं, वारंवार पू व्हायला लागला, दाताशी संबंध निघाला किंवा फिल्म बघून निदानाचीच शंका आली तर. ते नाकातूनच दुर्बिणीनं होतं, भूल देऊन, चेहऱ्यावर काप नाही. आणि काढली तरी परत होऊ शकते, हे आधी सांगायला हवं. तुमच्या डॉक्टरांनी तपासून काही वेगळं पाहिलं असेल, मी नाही म्हणत नाही. त्यांना एवढंच विचारा: माझा कुठला त्रास या सिस्टमुळं आहे आणि ती काढल्यावर कुठला जाईल? किंवा फिल्म घेऊन दुसरीकडं दाखवा, संभाजीनगरचं घाटी रुग्णालय आहे, नांदेडचं सरकारी मेडिकल आहे. पुढं खरंच ऑपरेशन ठरलं तर सरकारी आरोग्य योजनेत बसतं का ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला (योजनेची माहिती देणाऱ्या माणसाला) विचारा.

जालन्याचा_पाहुणा

डॉक्टर मॅडम, माझ्या वडिलांना कपाळातल्या सायनसमधे झाली होती. तिला म्युकोसील म्हणाले. ती तर फार भयंकर निघाली.

वर्षभरात डावा डोळा हळूहळू खाली आणि पुढं आला. आम्हा रोज बघणाऱ्यांना कळलंच नाही. मतदार कार्डावरचा फोटो आणि चेहरा शेजारी धरून पुण्याहून आलेल्या आत्यानं ओळखलं. नंतर एकाचे दोन दिसायला लागले, बाजेवर बसताना काठाचा अंदाज चुकायचा. दुर्बिणीनं ऑपरेशन झालं, गाठीचं तोंड नाकात कायमचं उघडं करून दिलं. डोळा बराचसा जागेवर आला.

नाककानघसा_नांदेड

बरोबर, आणि नावं सारखी वाटली तरी तो प्रकार वेगळा. म्युकोसीलमधे सायनसचं दारच बंद होतं, पूर्ण सायनस भरतो आणि हाडाला आतून ढकलतो. कपाळात आणि डोळ्यांच्या मधल्या सायनसात जास्त. तिथं वाट बघत नाहीत, ऑपरेशनच.

हे सगळ्यांसाठी: डोळा सुजणं किंवा पुढं येणं, दोन दिसणं, नजर कमी होणं, गाल बधिर पडणं, एकाच नाकपुडीतून रक्त, वरचे दात हलायला लागणं, ताप आणि मान ताठ. यातलं काहीही दिसलं तर वाफ नको आणि ही चर्चाही नको, त्याच दिवशी दवाखाना. शुगरवाल्यांनी तर जास्तच. २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरचे (काळ्या बुरशीचे) पेशंट आम्ही रांगेनं पाहिलेत. गाल दुखतोय, दात हलतोय म्हणत चार दिवस घरी काढले होते बऱ्याच जणांनी.

बाईंचं पाणी पिवळं होतं आणि एकदाच आलं, म्हणून ठीक. पण वाकलं की दर वेळी एकाच नाकपुडीतून नळासारखं स्वच्छ पाणी टपकत असेल, तर ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. तेही लगेच दाखवायचं.

मुनीम_परभणी

मॅडम, हे दोनदा वाचलं, एकदा बायकोला वाचून दाखवलं. गोदामाचं तिला पटलं. आता ती म्हणते, मग डोक्याचं बघा, आठ महिने काय करत होता.

मी लोकांना "सायनस झालाय" म्हणून सांगत होतो. आता कळलं, सायनस सगळ्यांनाच असतो, गुडघा झालाय म्हणण्यासारखं आहे ते. जाऊन येतो आणि कळवतो.

मुनीम_परभणी (सहा आठवड्यांनी)

कळवायचं राहिलं, मार्गशीर्षापर्यंत आवक काही कमी झाली नाही.

एका दिवसाची सुट्टी काढून सकाळच्या गाडीनं नांदेडला सरकारीत गेलो. अकराला नंबर लागला. दुर्बीण नाकात घातली तेव्हा डोळ्यातून पाणी आलं, बाकी काही नाही. त्यांनी फिल्म उजेडावर धरली, मला फुगा दाखवला. अर्ध्या लिंबासारखा तळाला चिकटलेला. मी इतके दिवस त्याला भिऊन होतो आणि पहिल्यांदा बघत होतो. वरच्या दाढा ठोकून घेतल्या (उदगीरकर, तुमच्यामुळं), ठणठणीत. ऑपरेशन नको म्हणाले. वर्षानं दाखवायचं, त्रास बदलला तर आधी. डोक्यासाठी मेडिसिनवाल्यांकडं पाठवलं.

तिथल्या डॉक्टरनी डोकेदुखीची डायरी ठेवायला सांगितली. डायरी कशाला, माझ्याकडं कीर्द आहे, रोजच्या जमाखर्चाची वही. मागच्या पानांवर रकाने पाडले: तारीख, वाजले किती, जेवलो किती वाजता, झोप, ऊन, गोळी. महिन्याची बेरीज केली. डोकं दुखलं अकरा वेळा. त्यातले नऊ दिवस असे, की लिलाव लांबला आणि डबा चारच्या नंतर उघडला. उरलेल्या दोन दिवसांत एक लग्न, रात्रभर जागरण. दुसऱ्याचं कारण सापडलं नाही, तो फरक तसाच ठेवलाय. डॉक्टरनी कीर्द स्वतःकडं ओढून घेतली आणि शेजारच्या शिकाऊ डॉक्टरला दाखवली. म्हणाले असा पेशंट पाहिला नाही. मायग्रेन लिहिलं. रोजची एक गोळी दिलीय, दुखण्याच्या गोळ्या महिन्यात किती घ्यायच्या त्याला मर्यादा घातली, कारण त्या जास्त झाल्या की त्यांच्यामुळंच दुखतं.

डबा आता दीडला उघडतो. सौदा अर्ध्यात असला तरी. मालक पहिले दोन दिवस बघत राहिले, आता तेही जेवायलेत.

थेंब बंद करायचे नऊ दिवस आठवले की अंगावर काटा येतो. दोन उशा, तोंड उघडं, घसा कोरडा. चौथ्या रात्री दोन वाजता मी केमिस्टचं दुकान किती वाजता उघडतं याचा विचार करत बसलो होतो. बायकोनं बाटली आधीच मोरीत ओतली होती. दहाव्या दिवशी पहाटे उठलो तर डाव्या नाकपुडीतून श्वास चाललेला, कळलंच नाही कधी सुरू झाला. चुलीवर शेजाऱ्यांचं दूध उतू गेलेलं वासानं ओळखलं.

डोकं या महिन्यात चार वेळा. गाठ आहे तिथंच असेल, तिला अनामत खात्यात टाकलीय. मेव्हणा अजून गाडी काढायला तयार आहे.

एक शंका. स्प्रे चालू आहे, पण बाटली निम्मी राहिली की त्याचा जोर कमी झाल्यासारखा वाटतो. दुसऱ्या कंपनीचा घेऊ का?

नाककानघसा_नांदेड

कंपनी बदलू नका. मारायच्या आधी बाटली हलवता ना?

मुनीम_परभणी

नाही. हलवायची असते? कुठं लिहिलंय?

नाककानघसा_नांदेड

बाटलीवर, मुनीमजी.